शितावरून यकृताची परीक्षा

फॅटी लिव्हरवरची नवी औषधं आली आणि एक जुना वाद पुन्हा तापला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, रेस्मेटिरोम या औषधाला मान्यता दिली तेव्हा बातम्या औषधाच्या झाल्या, पण खरी गोम वेगळीच होती. यकृतात मध्यम ते बऱ्यापैकी फायब्रोसिस (म्हणजे व्रणांचं जाळं) झालेल्या, पण सिरॉसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी यकृत पार आवळलं जाण्यापर्यंत, न गेलेल्या रुग्णांसाठी हे औषध आहे. आणि असा रुग्ण ओळखायला बायोप्सी झालीच पाहिजे अशी अट त्यात नाही. गंमत अशी की ज्या चाचणीच्या जोरावर ही मान्यता मिळाली, तिच्यात मात्र रुग्णांच्या यकृतात सुई घालून तुकडा काढला होता, सुरुवातीला एकदा आणि ५२ आठवड्यांनी पुन्हा. तेव्हापासून सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, सुईशिवाय सगळं अंदाजपंचे; यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणाऱ्या स्कॅनच्या भरवशावर वर्षानुवर्षांची औषधं लिहायची म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं. दुसरा म्हणतो, सुई आता इतिहासजमा; दहा मिनिटांत स्कॅन होतो, दर सहा महिन्यांनी करा आणि निर्धास्त राहा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुई की स्कॅन हा प्रश्न एका दिवसाच्या निदानाचा आहे, आणि हे दुखणं एका दिवसाचं नाही. ते दहा-वीस वर्षं मुकाट चालतं. त्याच्यावर एवढी वर्षं नजर ठेवायची तर स्कॅनला पर्याय नाही. सुई त्या शर्यतीत कधी उतरलीच नव्हती. पण स्कॅनचे भक्त आज ज्या पद्धतीने स्कॅन वापरताहेत ती पद्धतही धड नाही. जे मोजायला हवं ते सोडून भलतंच मोजतात, गरजेपेक्षा जास्त वेळा मोजतात, आणि एका आकड्यावर हर्षवायू किंवा धसका घेतात. मी डॉक्टर नाही. उजवा हात डोक्याखाली घेऊन, बरगड्यांवर थंडगार जेल लावून त्या यंत्राखाली पडून राहिलेला माणूस आहे. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तरी सुईच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो.

खरं बरंच आहे. या आजाराला नाव मिळालं तेच मुळी सुईमुळे. पॉल एर्लिश यांनी १८८३ मध्ये यकृतातून सुईने पेशी काढल्या, त्या मधुमेहात ग्लायकोजेनचं, म्हणजे यकृतात साठवलेल्या साखरेचं, काय होतं ते बघायला. १९५८ मध्ये मेंघिनी यांनी अशी पद्धत मांडली की सुई यकृतात जेमतेम सेकंदभर राहते. तिथून बायोप्सी रोजच्या वापरात आली. आणि १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांच्या बायोप्सी समोर ठेवून दाखवलं की दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखी सूज, चरबी आणि व्रण असू शकतात. तोवर असा तुकडा दिसला की डॉक्टर मनात समजायचे, हा लपूनछपून पितो. किती जणांनी खरं सांगूनही खोटं ठरवून घेतलं असेल! त्या माणसांची सुटका कुठल्या स्कॅनने केली नाही, सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याने केली. आजही फुगलेल्या पेशी, सूज, औषधाने झालेली इजा, शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला, हे सगळं तुकडाच दाखवतो. यंत्राला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त कडकपणा कळतो आणि थोडीफार चरबी.

मग अडचण कुठे आहे? अडचण तुकड्याच्या आकारात आहे. सुईने निघतो तो तुकडा साधारण संपूर्ण यकृताचा पन्नास हजारावा भाग. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो तेव्हा. फॅटी लिव्हरचे व्रण सारखे पसरत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये ५१ रुग्णांच्या यकृतातून एकाच वेळी दोन-दोन तुकडे काढून ताडून पाहिले. एका तुकड्यात आरपार पूल बांधल्यासारखे व्रण दिसलेले १७ रुग्ण होते. त्यांतल्या सहा जणांच्या दुसऱ्या तुकड्यात व्रण किरकोळ होते किंवा नव्हतेच. माणूस तोच, यकृत तेच, वेळ तीच. सुई बोटभर इकडे गेली की तिकडे, यावर "गंभीर" की "काळजीचं कारण नाही" हे ठरलं. शिवाय तुकडा वाचणारे डोळेही माणसाचेच. अमुक पेशी फुगलेली आहे की नाही, यावर निष्णात पॅथॉलॉजिस्टांतही मतभेद होतात हे त्याच क्षेत्रातली मंडळी सांगतात. ज्याला आपण सोन्याची कसोटी म्हणतो तिच्यातच हीण आहे.

तरी समजा, तुकडा बिनचूक निघाला. पुढच्या वर्षी काय? आणि त्याच्या पुढच्या? बायोप्सीनंतर दुखतं, ते बहुतेकांना. रक्तस्राव क्वचित होतो, आणि मृत्यू फारच क्वचित. दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी, हा नेहमी दिला जाणारा आकडा. एकदा करायला ही जोखीम मान्य होईल. पण जगातल्या प्रौढांपैकी ढोबळमानाने तीस टक्के लोकांना फॅटी लिव्हर आहे. त्यातल्या थोड्यांचंच यकृत पुढे बिघडतं, आणि ते थोडे कोण हे आधी कळत नाही. यांना सगळ्यांना दर दोन वर्षांनी कोण सुया टोचणार? टोचून घेणार कोण? "बायोप्सीच खरी" असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात "एकदा बघू, मग नशीब" असं म्हणत असतो, फक्त ते त्याच्या लक्षात येत नाही.

इथे सुईच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते विचारतात, स्कॅनचे सगळे आकडे बायोप्सीशी ताडूनच ठरवलेत ना? स्कॅनवरचा कडकपणा आठ किलोपास्कलच्या खाली असेल तर प्रगत फायब्रोसिस बहुधा नाही, बाराच्या वर असेल तर शक्यता दाट, या रेषा कुठून आल्या? तुकड्यावरूनच. मग शिष्य गुरूपेक्षा मोठा कसा होणार? तर्क बिनतोड वाटतो. पण उलटा करून बघा. गुरूच पाचातल्या एका वेळी चुकतो असं धरलं, तर अगदी अचूक उत्तर देणारा शिष्यही गुरूच्या उत्तरपत्रिकेशी ताडताना पाचातल्या एका वेळी चूक ठरेल. स्कॅनची जी "चूक" मोजली जाते तिच्यातली काही चूक स्कॅनची असते, काही सुईची, आणि दोन्ही स्कॅनच्याच खात्यावर पडतात. हा गुंता सोडवायचा तर तिसऱ्या कोणाकडे जायला हवं, आणि तो तिसरा म्हणजे काळ. रुग्णाच्या पोटात पाणी झालं का, रक्ताची उलटी झाली का, यकृताचा कॅन्सर झाला का, तो वारला का? हेच तर आपल्याला आधी ओळखायचं होतं. २०२३ मध्ये अडीच हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून नेमका हा ताळा केला गेला: पुढे काय होणार याचा अंदाज बायोप्सीने जास्त चांगला येतो, स्कॅनच्या कडकपणाने, की रक्ताच्या साध्या हिशेबाने? तिघांचे निकाल जवळजवळ सारखे आले. भविष्य सांगण्यात तिघंही मध्यमच. पण ज्याच्यासाठी सुई टोचावी एवढा वरचढपणा बायोप्सीत दिसला नाही.

वैद्यकाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत नाहीये. रक्तदाबाचंच घ्या. तो पहिल्यांदा मोजला स्टीफन हेल्स या पाद्र्याने; १७३३ मध्ये त्याने ती हकीकत छापली. घोडीला आडवं बांधून धमनीत पितळी नळी खुपसली, तिला उभी काचेची नळी जोडली, आणि रक्त सव्वाआठ फूट वर चढलं. याहून खरं मोजमाप नाही, थेट धमनीतलं. पण त्याचा उपयोग कोणाला? रक्तदाब माणसांच्या कामाचा झाला तो १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा फुगा आणल्यावर, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी त्याच्या खाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायला सांगितल्यावर. पट्टा थेट मोजमाप नाही. तो चुकतो. पट्टा लहान असेल, माणूस बोलत असेल, जिना चढून आला असेल, डॉक्टरला बघूनच घाबरला असेल, तर आकडा चढतो. अतिदक्षता विभागात आजही गरज पडली तर धमनीत नळी घालतात, कारण तिथे मिनिटामिनिटाचा खरा दाब हवा असतो. पण उच्च रक्तदाबामुळे पक्षाघात होतो, तो उतरवला तर जीव वाचतात, हे सगळं ज्ञान त्या चुकणाऱ्या पट्ट्यावर उभं आहे. कशामुळे? पट्टा पुन्हा लावता येतो म्हणून. दहा वेळा, दहा वर्षं, लाखो माणसांना.

यकृताचा स्कॅन हा असा पट्टा आहे, आणि हे एकदा मान्य केलं की त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही ते आपोआप ठरतं. (जाता जाता: सिरॉसिस हे नाव १८१९ मध्ये लेनेक यांनी दिलं, पिवळट-तांबूस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. स्टेथोस्कोप काढणारे लेनेक तेच. शरीर न उघडता आतलं जाणून घ्यायची ओढ आणि हा आजार एकाच माणसाच्या टेबलावर एकत्र होते.)

आता यंत्र करतं काय ते जवळून बघू. हा स्कॅन करणारा फायब्रोस्कॅन २००३ च्या सुमारास युरोपात वापरात आला, अमेरिकेत २०१३ मध्ये. तुम्ही पाठीवर उताणे, उजवा हात डोक्यामागे, म्हणजे बरगड्यांमधली फट रुंदावते. तंत्रज्ञ जाडजूड पेनासारखा प्रोब त्या फटीत काटकोनात टेकवतो आणि बटण दाबतो. बरगडीवर कोणी टिचकी मारावी तसा ठोका बसतो, दुखत नाही. त्या ठोक्याची लाट यकृतातून आत सरकते आणि अल्ट्रासाउंड तिचा पाठलाग करून वेग मोजतो. पडद्यावर एक तिरकी रेघ उमटते. रेघ जितकी उभी तितकी लाट वेगवान, म्हणजे यकृत तितकं कडक. असे किमान दहा ठोके, आणि त्यांचा मधला आकडा म्हणजे तुमचा निकाल. मोजला जातो तो भाग सुमारे एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब, बायोप्सीच्या तुकड्याच्या शंभर पट. शंभर पट ऐकायला भरघोस वाटतं. तरी तो यकृताचा पाचशेवा भागच झाला, हे स्कॅनवाल्यांनीही विसरू नये.

रिपोर्टवर जो किलोपास्कलचा आकडा येतो तो मात्र थोडा फसवा आहे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा रेंगाळतो. यंत्र मोजतं वेग, छापतं कडकपणा; आणि कडकपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला जातो. लाट सेकंदाला एक मीटर गेली तर आकडा येतो ३. दोन मीटर गेली तर ६ नाही, १२. म्हणजे निरोगी यकृत आणि "शक्यता दाट" यांच्यात वेगाचा फरक दुप्पट, कागदावर दिसतो तो चौपट. याच हिशेबाने वेग मोजताना दहा टक्के इकडेतिकडे झालं तर कागदावर वीस टक्के फरक पडतो. आता सहा महिन्यांनी ८ चे साडेनऊ झाले म्हणून रात्रभर न झोपलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं असतं का?

मला सांगितलं नव्हतं. पहिला स्कॅन मी संध्याकाळी करून घेतला, भरपेट जेवून दोन तासही झाले नव्हते. कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. आकडा आला १०.४. पुढचे तीन आठवडे मी सिरॉसिसवर जे जे वाचायला मिळेल ते वाचलं आणि घरच्यांना हैराण केलं. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "उपाशी होतात का?" जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि ते तात्पुरतं ताठ होतं, म्हणून किमान तीन तास पोटात काही नसावं, हा या तपासणीचा प्राथमिक नियम. सकाळी उपाशीपोटी पुन्हा केला. ७.२. तीन आठवड्यांत मी वजन उतरवलं नव्हतं, औषध घेतलं नव्हतं. खाल्लेलं जेवण तेवढं मधून गेलं होतं. (वेगात बोलायचं तर १.८६ वरून १.५५.) हृदय कमकुवत असेल, पित्ताचा मार्ग तुंबला असेल, हिपॅटायटिसचा जोर असेल, तरी आकडा असाच फुगतो, आणि त्या वेळी व्रणांशी त्याचा काही संबंध नसतो.

सुईवाले अशा गोष्टी ऐकून म्हणतात, बघा, काय भरवसा या यंत्राचा! पण जिना चढून आल्या आल्या रक्तदाब घेतला तर दोष पट्ट्याचा का? उलट माझी तक्रार स्कॅनच्या भक्तांकडे आहे. दहा मिनिटं, दहा मिनिटं असा गजर करत त्यांनी ही तपासणी इतकी सोपी करून टाकली की तिचे साधे नियमसुद्धा कोणी पाळेना. लठ्ठ माणसाला मोठा प्रोब लावायचा असतो, दहा ठोक्यांत फार विखुरलेपण असेल तर निकाल टाकून द्यायचा असतो. विखुरलेपण मधल्या आकड्याच्या तीस टक्क्यांच्या आत हवं. हा आकडा यंत्र स्वतःच छापतं. त्याच्याकडे नजर किती जण टाकतात ते तुमचा जुना रिपोर्ट काढून तुम्हीच बघा.

यातून अजून एक फसगत होते. आकडा जास्त आला म्हणून माणूस घाबरतो आणि पुन्हा मोजायला जातो. पण जे आकडे योगायोगाने वर उडालेले असतात ते पुढच्या वेळी आपसूक खाली येतात. संख्याशास्त्रात याला जुनं नाव आहे, आणि उपाय विकणाऱ्यांचा हा जुना आधार आहे. मधल्या काळात त्या माणसाने जे काही घेतलं असेल, लिव्हर टॉनिक म्हणा, कुणी सुचवलेला काढा म्हणा, श्रेय त्याला जातं. मीही त्या तीन आठवड्यांत एखादी बाटली आणली असती तर आज छातीठोक सांगत फिरलो असतो.

पण सगळ्यांत मोठी चूक वेगळी आहे. लोक नजर ठेवतात ती चरबीवर. कारण उघड आहे: आजाराच्या नावातच चरबी, आणि सोनोग्राफीच्या कागदावर "ग्रेड १", "ग्रेड २" असं परीक्षेच्या निकालासारखं लिहून येतं. ही ग्रेड ठरते कशी? यकृत शेजारच्या उजव्या मूत्रपिंडापेक्षा किती पांढरं दिसतं यावरून, डोळ्यांनी. यंत्राचा उजळपणा वाढवला-उतरवला तर तेही बदलू शकतं. यकृतात पाचेक टक्के चरबी झाली की आजाराची व्याख्या लागू होते, पण साध्या सोनोग्राफीला ती वीस-तीस टक्के झाल्याशिवाय धड दिसत नाही. चरबी नेमकी मोजायची तर एमआरआयची खास पद्धत आहे. ती पाण्यातल्या आणि चरबीतल्या प्रोटॉनांचा संकेत वेगळा करून टक्केवारी काढते, संपूर्ण यकृताची. उत्तम आहे. त्या मोजमापात चरबी मूळच्या तीस टक्क्यांनी उतरली तर आतली सूजही ओसरत असण्याची शक्यता वाढते, म्हणून औषधांच्या चाचण्यांत तिचा चांगला उपयोग होतो. फायब्रोस्कॅनही त्याच ठोक्यांत डेसिबलमध्ये चरबीचा अंदाज देतो. तो ढोबळ असतो.

पण चरबीने माणूस मरत नाही. २०१५ पासूनचे दीर्घ पाठपुरावे एकसुरात सांगतात की पुढे यकृत निकामी होणार का, हे ठरतं फायब्रोसिसवरून. आणि आता यातला सर्वांत क्रूर भाग. आजार सिरॉसिसकडे सरकतो तशी यकृतातली चरबी पुष्कळदा आपोआप ओसरते. तज्ज्ञ याला जळून विझलेलं यकृत म्हणतात. म्हणजे असं होऊ शकतं: पाच वर्षांपूर्वी ग्रेड ३, तीन वर्षांपूर्वी ग्रेड २, आता चरबी नाही. घरात आनंदीआनंद. आणि आत व्रणांनी यकृत आवळत चाललेलं. जो आकडा आजार बळावल्यावर सुधारतो, त्याच्यावर पाळत ठेवून काय साधणार?

यावर कोणी म्हणेल, मग चरबी मोजूच नये का? मोजावी, वजन उतरवणाऱ्याला हुरूप यावा म्हणून मोजावी. चरबी काही आठवड्यांत हलते, व्रण हलायला वर्षं लागतात. २०१५ च्या एका अभ्यासात २९३ जणांची वर्षभराच्या अंतराने दोनदा बायोप्सी झाली. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांच्या यकृताची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला. व्रण पुसट होतात, हे आपल्याला अशा दुहेरी बायोप्सीवाल्या अभ्यासांतून कळलं. सुईचं हे ऋण मी नाकारत नाही. पण तेवढं कळल्यावर तुमच्या-माझ्यासारख्याने दर वर्षी तुकडा द्यायची गरज उरत नाही.

आता दुसऱ्या टोकाचा आक्षेप, जो मला सुईवाल्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. स्कॅन सोपा झाला की सगळ्यांचा होणार, आणि सगळ्यांचा झाला की निरोगी माणसंही रुग्ण होणार. दक्षिण कोरियात थायरॉइडचं हेच झालं. तपासणीच्या इतर पॅकेजांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचा आकडा मात्र जागचा हलला नाही. हजारोंनी ग्रंथी काढून घेतल्या आणि जन्मभराच्या गोळ्या मागे लावून घेतल्या. यकृताच्या स्कॅनचं असं होणार नाही याची हमी कोण देणार? हिशेब करून बघा. समजा हजार सर्वसाधारण माणसांत पन्नास जणांना प्रगत फायब्रोसिस आहे, आणि स्कॅन दोन्ही बाजूंनी शंभरात पंच्याऐंशी वेळा बरोबर सांगतो. तो पन्नासातल्या बेचाळीस-त्रेचाळीस जणांना पकडेल. आणि उरलेल्या साडेनऊशे धडधाकट माणसांतल्या एकशे बेचाळीस जणांना विनाकारण घाबरवेल. चारातले तीन इशारे खोटे!

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच दर सहा महिन्यांनी सरसकट स्कॅन हा प्रकार मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की सापडलेल्या रोगावर काय करायचं हे ठरलेलं नसेल तर शोधायला जाऊ नये. पण यावरचा उपाय स्कॅन बंद करणं हा नाही, त्याच्या आधी चाळण लावणं हा आहे, आणि चाळण तयार आहे. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची दोन एन्झाइम्स, आणि प्लेटलेट, या चार आकड्यांचा फिब-४ नावाचा हिशेब. रक्ताच्या नेहमीच्या रिपोर्टवर चारही असतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर प्रगत फायब्रोसिस बहुधा नाही. पासष्टीपुढे ही रेषा २ धरतात, कारण वय गुणाकारात असल्याने म्हाताऱ्यांचा आकडा उगाच फुगतो. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही. ज्यांचा आकडा वर जातो त्यांनाच स्कॅनला पाठवायचं. मग हजारांत पन्नास राहत नाहीत, प्रमाण वाढतं, आणि तोच स्कॅन, तेच यंत्र, खोटे इशारे पुष्कळ कमी देतं.

आणि किती वेळा? आजाराची चाल बघा. नुसती चरबी असलेल्या यकृताला फायब्रोसिसची एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षं लागतात, सूज असलेल्याला सात. काही जण भरभर चढतात हे खरं, म्हणून मधुमेह असलेल्यांनी रक्ताचा हिशेब वर्षा-दोन वर्षांनी करावा, बाकीच्यांनी दोन-तीन वर्षांनी. सात वर्षांत एक पायरी चालणाऱ्याचा पाठलाग सहामाही स्कॅनने करणं म्हणजे झाड वाढलं का हे रोज सकाळी पट्टीने बघणं. वाढ दिसणार नाही, पट्टीची थरथर तेवढी दिसेल.

एमआरआयवरचा कडकपणा, म्हणजे एमआर इलॅस्टोग्राफी, याहून सरस आहे यात वाद नाही. मेयो क्लिनिकच्याच मंडळींनी १९९५ मध्ये तिचं तत्त्व मांडलं. यकृताचा मोठा भाग एकदम दिसतो, लठ्ठपणा फारसा आड येत नाही. यकृतात लोह साचलेलं असेल तर मात्र नेहमीची पद्धत फसते. पण तिच्या नावाने साध्या स्कॅनला नाकं मुरडणारे पुन्हा त्याच जुन्या चुकीकडे वळतात: एकदाच, पण सर्वोत्तम. रक्ताचा हिशेब आणि साधा स्कॅन यांचं उत्तर जुळत नसेल तर जरूर करावी. आणि तिथेही कोडं सुटलं नाही, आजार भलताच असल्याचा संशय आला, तर सुई आहेच. मला ती हद्दपार करायची नाही. धमनीतल्या नळीसारखी, लागेल तिथे.

स्कॅनवर निर्णय सोडता येतात याचं उदाहरण हवं असेल तर सिरॉसिसच्या उंबरठ्यावरच आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होऊ नये म्हणून अशा रुग्णांची दुर्बिणीने तपासणी करतात. इटलीतल्या बावेनो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञ परिषदेने २०१५ मध्ये ठरवलं की कडकपणा वीसच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर असतील तर दुर्बीण टाळली तरी चालेल. तुकड्याचा यात प्रश्नच आला नाही.

आणि एक गोष्ट: फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण यकृत नाही, हृदयविकार आहे. किलोपास्कलच्या दशांशात अडकलेल्या माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे त्याला विचारून बघा. मी स्वतः त्या तीन आठवड्यांत एकदाही मोजला नव्हता.

माझ्या फाइलमध्ये आता तीन कागद आहेत. पहिल्यावर १०.४ आहे, त्यावर मी आडवी रेघ मारून "जेवल्यावर" लिहिलंय, दुसऱ्यावर ७.२, उपाशी, विखुरलेपण १४ टक्के, मध्यम आकाराचा प्रोब. तिसऱ्या कागदावर फिब-४ चा हिशेब. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी याच यंत्रावर, याच प्रोबने, याच वेळेला. तारीख दोन वर्षांनंतरची आहे. सकाळी उपाशीपोटी जायचंय, एवढं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.